सैलावण्याचे काम

आईच्या औषधांच्या पिशवीत, जुन्या पावत्या आणि चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठ्यांच्या तळाशी, अकरा वर्षांपूर्वीचा टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, एक अहवाल मला गेल्या वर्षी सापडला. त्याच्या पंधरा दिवस आधी इथेच, साताऱ्यात, माझाही इको झाला होता आणि तो कागद मी इतक्या वेळा वाचला होता की त्यातल्या ओळी पाठ झाल्या होत्या; म्हणून आईच्या पिवळ्या पडलेल्या कागदावर नजर जाताच ओळखीची ओळ लगेच दिसली. ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’, म्हणजे हृदयाच्या सैलावण्यातला पहिल्या पायरीचा बिघाड. तिच्या अहवालाच्या वेळी ती ५८ वर्षांची होती, माझ्या अहवालाच्या वेळी मी ४२. बाकीचा मजकूरही जवळजवळ तोच होता : डाव्या निलयाची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत किंचित जाड, झडपा व्यवस्थित, इजेक्शन फ्रॅक्शन (बोलण्यातले ‘पंपिंग’) ६० टक्के. त्या वेळी काय सांगितले गेले होते ते आईला अजून आठवते. “डॉक्टर म्हणाले, पंपिंग साठ टक्के आहे, एकदम चांगलं. बाकी वयाप्रमाणे असतंच. मीठ कमी करा.” तिने काही दिवस लोणचे आणि पापड बंद केले. रक्तदाबाची गोळी मात्र घेतली नाही, कारण आकडा ‘बॉर्डरलाइनला’ होता आणि गोळी एकदा लागली की कायमची लागते, असे आमच्या घरातच काय, कोरेगावकडच्या आमच्या साऱ्या भावकीत मानले जात होते.

आज ती ६९ वर्षांची आहे. संध्याकाळी तिच्या घोट्यांवर बोट दाबले की खळगा उमटतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. रात्री तिला दोन उशा लागतात. दोन वर्षांपूर्वी फुप्फुसांत पाणी साठल्यामुळे तिला दाखल करावे लागले, तेव्हा ‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला, आणि त्याच दिवशीच्या इकोमध्ये तिचे पंपिंग ५८ टक्के होते. ज्या आकड्याच्या भरवशावर आम्ही नऊ वर्षे निश्चिंत राहिलो, तो आकडा आजाराच्या दिवशीही चांगलाच होता. मी शाळेत गणित शिकवते. आकडा बरोबर असूनही उत्तर चुकते, तेव्हा चूक प्रश्न समजून घेण्यात असते, हे मला मुलांच्या वह्या तपासून माहीत आहे. इथे आमचा प्रश्नच समजायचा राहून गेला होता. तो गेले वर्षभर मी डॉक्टरांना विचारून, वाचून आणि पुन्हा विचारून समजून घेत आले आहे.

हृदयाचे काम म्हणजे पिळणे, अशीच माझी समजूत होती. शाळेत आपण मूठ मिटून दाखवतो आणि सांगतो की हृदय असे रक्त ढकलते. मूठ उघडते तेव्हा काय होते, ते कोणी सांगत नाही, कारण उघडणे हे काम आहे असे आपल्याला वाटतच नाही. आमच्या गावात लहानपणी लोहाराचा भाता पाहिला होता. भाता दाबला की वारा विस्तवावर जातो, पण त्याआधी तो उघडावा लागतो, आणि उघडताना तो बाहेरची हवा स्वतःकडे ओढून घेतो. चामडे कडक झाले तर दाबणाऱ्याच्या हातात कितीही जोर असला तरी वारा कमीच निघतो, कारण आत हवाच कमी आलेली असते. डावे निलय असेच आहे. निरोगी हृदयात ते पिळून झाल्यावर इतक्या चपळाईने सैलावते की वरच्या कप्प्यातले, म्हणजे अलिंदातले, रक्त ते अक्षरशः शोषून घेते.

या सैलावण्याला ऊर्जा लागते, हे मला सर्वांत आश्चर्याचे वाटले. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम मोकळे झाले की ती आकुंचन पावते. पुन्हा सैल होण्यासाठी ते सगळे कॅल्शियम उपसून साठवणीच्या जागी परत भरावे लागते आणि हा उपसा फुकट होत नाही. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठते, ते याच कारणाने : पेशींतली ऊर्जा संपलेली असते, आणि ऊर्जेवाचून स्नायूला आपली पकड सोडता येत नाही. त्यामुळे हृदयावर दीर्घकाळ जादा भार पडू लागला, त्याच्या पेशींची ओढाताण होऊ लागली, की पिळण्याच्या ताकदीवर परिणाम दिसण्याच्या कितीतरी आधी सैलावण्याचा वेग मंदावतो. इकोमध्ये हे दोन लाटांतून दिसते. अलिंदातून निलयात रक्त दोन हप्त्यांत येते. पहिला हप्ता निलयाच्या शोषणाने येतो आणि तरुण हृदयात तोच मोठा असतो. दुसरा हप्ता शेवटी अलिंद स्वतः आकसून ढकलते, तो लहान असतो. माझ्या अहवालात पहिली लाट बुटकी आणि दुसरी उंच होती. म्हणजे खालचे निलय पुरेशा वेगाने उघडत नव्हते आणि ती उणीव वरचे अलिंद जास्त जोर लावून भरून काढत होते. सत्तरीच्या माणसात असे चित्र दिसले तर ते वयाचे म्हणता येईल. बेचाळिसाव्या वर्षी ते वयाच्या खात्यावर टाकणे मला मान्य नव्हते, आणि आता वाटते की आईच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते इतक्या सहज टाकायला नको होते.

भिंत जाड होण्याचे कारण मला गणितातून पटले. फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे : पोकळीच्या भिंतीवरचा ताण हा आतला दाब गुणिले त्रिज्या भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट, इतका असतो. दाब वाढला की ताण वाढणार. तो पूर्वीइतकाच ठेवायचा तर हृदयाच्या हाती एकच गोष्ट उरते, जाडी वाढवणे. हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी त्याला वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, तेव्हा त्याचे तंतू जाड होत जातात. हे त्याने शोधलेले उत्तर आहे आणि त्या क्षणापुरते ते बरोबरही आहे.

आमच्या भागात जाड स्नायू म्हणजे ताकद, हे कोणाला शिकवावे लागत नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव याच जिल्ह्यातल्या, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. तालीम, जोर, बैठका, दंडाची बेटकुळी हे सारे इथल्या प्रत्येक घराच्या ओळखीचे आहे. त्यामुळे ‘भिंत जाड झाली’ हे आईने ऐकले तेव्हा तिला ते फारसे वाईट वाटले नव्हते. फरक असा आहे की व्यायामाने वाढलेल्या हृदयात भिंतीबरोबर पोकळीही मोठी होते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळेही सोबत वाढते, व्यायाम थांबला की भार उतरतो आणि असे हृदय उत्तम सैलावते. रक्तदाबाने जाड झालेली भिंत मात्र आतल्या बाजूला वाढून पोकळीची जागा खाते, रक्तवाहिन्यांचे जाळे तिच्या मागे पडते, आणि भार झोपेतही पुरता उतरत नाही. त्यातच अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही रक्तदाब चढवणारी संप्रेरके स्नायूंच्या पेशींमधल्या जागेत कोलॅजेनचे धागे विणायला लावतात. हे धागे कातड्यावरच्या व्रणातही असतात. स्नायूचा व्रण झालेला भाग आकसतही नाही आणि सैलावतही नाही. तो फक्त ताठ राहतो.

या साऱ्यात पंपिंगचा आकडा का हलत नाही, याचे उत्तर मला दोन प्रकारे मिळाले. पहिले माझ्या विषयातले आहे. टक्केवारी शिकवताना मी मुलांना नेहमी सांगते की टक्के किती हे विचारण्याआधी टक्के कशाचे हे विचारा. निलयात १०० मिलिलिटर रक्त भरले आणि ६० बाहेर पडले तर ६० टक्के. पोकळी आकसली, सैलावणे मंदावले, म्हणून ८० मिलिलिटरच भरले आणि ४८ बाहेर पडले, तरी ६० टक्केच. शरीराला दर ठोक्यामागे १२ मिलिलिटर कमी मिळाले आणि कागदावर काही बदलले नाही. हे गणित फळ्यावर सोडवायला सहावीतल्या मुलीलाही दोन मिनिटे पुरतात, आणि आम्ही नऊ वर्षे ते मांडलेच नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

दुसरे उत्तर हृदयाच्या विणीत आहे. भिंतीतले तंतू एकाच दिशेने जात नाहीत. सर्वांत आतल्या थरातले तंतू साधारणपणे टोकापासून वरच्या कडेपर्यंत उभे, किंचित पीळ घेत जातात; मधल्या थरातले आडवे, कमरपट्ट्यासारखे वेढून असतात. पोकळीतला दाब आतल्या थराला सर्वांत जास्त सोसावा लागतो, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बाहेरून आत शिरत असल्यामुळे रक्त त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते, तेही मुख्यतः हृदय सैल असताना. म्हणजे उंबऱ्यावरचा मारही त्याला आणि पंगतीतले शेवटचे पानही त्यालाच. साहजिकच आधी हेच उभे तंतू थकतात. हृदयाचे लांबीच्या दिशेने आखडणे कमी होते, पण मधले आडवे तंतू थोडे जास्त काम करून एकूण पिळणे टिकवून धरतात. नव्या पद्धतीच्या इकोमध्ये ध्वनिलहरींच्या चित्रातले बारीक ठिपके एकेका ठोक्यातून माग काढत मोजले जातात आणि हे लांबीचे आखडणे आकड्यात मांडता येते. त्याला स्ट्रेन म्हणतात. निरोगी हृदयात ते साधारण २० टक्के असते, म्हणजे दहा सेंटीमीटरची लांबी आठवर येते. रक्तदाब वाढलेल्या कित्येक माणसांत पंपिंग निर्दोष असताना हा आकडा घसरलेला सापडतो. त्यामुळे ‘आधी फक्त सैलावणे बिघडते, पिळणे शाबूत असते’ हेही पुरते खरे नाही. पिळण्यातही आतून तूट आलेली असते, ती शेजारच्या थराने झाकलेली असते.

वयाप्रमाणे असतेच, हे वाक्य आईला सांगणाऱ्या डॉक्टरांचे एकट्याचे नव्हते. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध उलटून जाईपर्यंत वैद्यकातही असाच विचार होता की वय वाढले, रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, तर रक्त पुढे ढकलायला जास्त दाब आवश्यकच आहे. कारण न सापडणाऱ्या रक्तदाबाला इंग्रजीत आजही जे जुने विशेषण लावले जाते, त्याचा अर्थ ‘आवश्यक’ असाच होतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत गेला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४८ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन जो दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्याने ही ‘आवश्यक’ची समजूत मोडून काढली. हृदय निकामी झालेल्यांपैकी बहुतेकांना त्याआधी कित्येक वर्षे रक्तदाब होता, हे त्याच गावाने दाखवले.

मला मात्र त्याहून जवळचा वाटला तो १९८५-८६ मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांत सुरू झालेला अभ्यास, कारण त्यात घेतलेली माणसे १८ ते ३० वर्षांची, म्हणजे पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी होते त्या वयाची होती. ५,००० हून थोडी अधिक अशी ही माणसे पंचवीस वर्षे पुन्हापुन्हा तपासली गेली आणि पंचविसाव्या वर्षी त्यांच्या हृदयाचा इको झाला. एखाद्या दिवशीचा आकडा किती यापेक्षा पंचवीस वर्षांतल्या दाबाची बेरीज किती, याचा पन्नाशीच्या हृदयाशी संबंध दिसला : ज्यांची बेरीज जास्त, त्यांच्यात सैलावण्यातला आणि लांबीच्या आखडण्यातला बिघाड जास्त. हृदयाला आपले बॉर्डरलाइन वगैरे शब्द कळत नाहीत. ते रोजच्या रोज जे सोसते तेवढेच आपल्या भिंतीत नोंदवत जाते.

ती बेरीज मी स्वतःची करून पाहिली आहे. २९ व्या वर्षी, आठव्या महिन्यात माझा रक्तदाब १५० वर ९६ झाला होता, लघवीतून प्रथिने जात होती, पायांवर आणि चेहऱ्यावर सूज होती. मुलगी सुखरूप झाली, सहा आठवड्यांत आकडा १२० च्या आसपास आला आणि घरात सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. ते बाळंतपणापुरते होते, असे मीही धरून चालले. गरोदरपणात असा रक्तदाब झालेल्या स्त्रियांना पुढे कायमचा रक्तदाब आणि हृदयाचे आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, त्यांनी दरवर्षी तपासून घेतले पाहिजे, हे आता ठामपणे सांगितले जाते. त्या वेळी मला ते कोणी सांगितले नाही. बाळाच्या लसींच्या तारखा मात्र कार्डावर नीट लिहून मिळाल्या होत्या. आईसाठी त्या कार्डावर एकही ओळ नव्हती, आणि ही उणीव मला अजून बोचते. पुढे ३८ व्या वर्षी शाळेच्या आरोग्य तपासणीत १३४ वर ८८ निघाले. ४२ व्या वर्षी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर, जिथे मी वर्षानुवर्षे न थांबता चढत होते, तिथे दुसऱ्या वळणावरच दम लागू लागला. चढताना नाडी जलद होते, सैलावण्याला मिळणारा वेळ कमी होतो. ज्या हृदयाला उघडायलाच वेळ लागतो त्याची पहिली अडचण म्हणूनच बसल्या जागी कळत नाही, ती चढावर कळते. वजन वाढले, वय झाले, अशी कारणे मी स्वतःला तीन महिने देत होते.

आमच्या डॉक्टरांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती मोजण्याची. चहा घेतल्यावर अर्धा तास थांबायचे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसायचे, दंड हृदयाच्या पातळीत ठेवायचा, दोनदा मोजायचे, सकाळ-संध्याकाळ सात दिवस लिहून काढायचे. दवाखान्यात १४० वर ९० ही आपल्याकडची रेषा. घरच्या मोजणीत ती १३५ वर ८५ धरतात. अमेरिकेत २०१७ पासून १३० वर ८० पासूनच त्याला उच्च रक्तदाब म्हणू लागले आहेत. माझी घरची सरासरी १४२ वर ९२ आली. गोळी सुरू करताना मी तोच प्रश्न विचारला जो आईने विचारला असता, कायमची का? ते म्हणाले, “ताई, चष्मा कायमचा लागतो म्हणून तुम्ही आंधळं राहणं पसंत केलंत का?” मला हे उदाहरण पूर्ण पटले नाही, कारण चष्म्यावाचून डोळा अधिक बिघडत नाही आणि गोळीवाचून भिंत मात्र अधिक जाड होत राहते, पण माझी भीती त्यांच्या त्या बोलण्याने गेली, हे खरे.

मला पुन्हापुन्हा वाटते की हे सारे आमच्या दारात येऊन पोहोचलेले होते. २०१७ साली देशात जो उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या निवडलेल्या पहिल्या काही जिल्ह्यांत सातारा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजायचा, ठरलेल्या साध्या, स्वस्त गोळ्या मोफत द्यायच्या आणि रुग्ण पुढच्या महिन्यात आला नाही तर त्याचा पाठपुरावा करायचा, असे त्याचे रूप. गावाकडच्या माझ्या काकू त्यात नियमाने गोळ्या घेतात. शहरात राहून, चार दवाखाने हाकेच्या अंतरावर असून, आम्ही मायलेकी मागे राहिलो.

खाण्यात बदल करणे गोळीपेक्षा अवघड गेले. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मी एका रविवारी तराजूवर मोजून पाहिली. घेवड्याची आमटी, खर्डा, भाकरीच्या पिठातले मीठ, ताटाच्या कडेचे लोणचे आणि एक पापड एवढ्यातच ती संपली होती, आणि रात्रीचे जेवण अजून व्हायचे होते.

चौदा महिन्यांनी माझा इको पुन्हा झाला. घरची सरासरी तोवर १२४ वर ७८ होती. पहिली लाट आता दुसरीपेक्षा किंचित उंच आहे. भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरने कमी दिसते. तेवढा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडू शकतो, असे डॉक्टरांनी स्वतःच सांगितले आणि मला त्यांचा तो प्रामाणिकपणा आवडला. रक्तदाब खाली आणला की सैलावण्याचा वेग सुधारतो, मग तो कोणत्या गोळीने आणला याला फारसे महत्त्व नसते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले होते. भिंतीची जाडीही उपचाराने काही प्रमाणात उतरते. पेशींमध्ये विणले गेलेले व्रणाचे धागे मात्र सहजी उकलत नाहीत. अजिंक्यताऱ्याचे दुसरे वळण मी आता न थांबता पार करते, तिसऱ्यावर थांबते.

त्या दिवशी आई माझ्यासोबत आली होती. माझा अहवाल ऐकून झाल्यावर तिने डॉक्टरांना विचारले, “माझी भिंत पण अशी सैल होईल का?” त्यांनी घाई न करता सांगितले की तिच्या भिंतीत व्रण बराच आहे, अलिंदही मोठे झाले आहे, त्यामुळे ती पूर्वीसारखी होणार नाही, पण लघवीची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि मधुमेहासाठी म्हणून आलेल्या पण २०२१ पासून तिच्यासारख्या हृदयासाठीही उपयोगी ठरलेल्या गटातली एक गोळी, यांनी पाणी साठणे रोखता येते आणि गेल्या वर्षभरात तिला पुन्हा दाखल करावे लागलेले नाही. आईने मान हलवली. रिक्षात बसल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. पोवई नाक्याजवळ आल्यावर म्हणाली, “तो जुना कागद टाकून देऊ नको. तुझ्या फाईलला लाव. पुढं नातीला दाखवायला लागेल.”

मुलगी आता तेरा वर्षांची आहे. घरी आल्यावर मी दोन्ही अहवाल एकाखाली एक लावले आणि तिच्या नावाची एक नवी, कोरी फाईल त्यांच्या शेजारी ठेवली.